पुळीचे भय आणि पुळीचे निदान : प्रस्तावना

जननेंद्रियावर किंवा जांघेत एखादी पुळी दिसली की माणूस तिचे कारण शोधण्याआधी आपला गुन्हा शोधू लागतो. हीच पुळी दंडावर आली असती तर चार दिवस खाजवून तो ती विसरूनही गेला असता. जागा बदलताच दोन मिलिमीटरच्या उंचवट्याचा खटला उभा राहतो: कधी, कुठे, कोणाबरोबर. रात्री मनात पाल चुकचुकते आणि सकाळपर्यंत निकाल लागलेला असतो. त्यात पुरावा कुणी तपासलेला नसतो, एवढेच.

पुरावा कसा तपासायचा हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. या शाखेत नव्याने पाऊल टाकणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. तरीही जिवाला घोर लागला म्हणून ज्याने हे पान उघडले असेल, त्या वाचकानेही संकोच न करता आत यावे. हा विषय जितका अवघड असेल असे वाटते तितका तो नाही. फक्त लोक ज्या जागी अडचण आहे असे समजतात, त्या जागी ती नसते.

या शाखेचे आपल्याकडचे नाव लांबलचक आहे: त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. तिन्हींची मिळून एमडीची पदवी एकच. ब्रिटनमध्ये गुप्तरोगांचे दवाखाने वेगळ्या शाखेकडे असतात. आपल्याकडे एकाच खुर्चीतला डॉक्टर खरूज बघतो, कुष्ठाचा बधिर चट्टा बघतो आणि गरमीचा (सिफिलिसचा) व्रणही बघतो. नव्या विद्यार्थ्याला ही मोट उगाच बांधल्यासारखी वाटते. पण ओपीडीत काही महिने काढले की तिचा अर्थ कळू लागतो. व्हीडीआरएल ही गरमीची रक्तचाचणी, पण कुष्ठाच्या काही रुग्णांत गरमी नसतानाही ती पॉझिटिव्ह येते. खरूज बरी झाल्यावरही वृषणकोशावर तिच्या खाजऱ्या गाठी महिनोन्महिने राहतात आणि गुप्तरोग म्हणून भलत्याच उपचारांच्या धनी होतात. सोरायसिस आणि लायकेन प्लेनस शिश्नावरही येतात, आणि तिथे त्यांचे रूप इतके बदलते की कोपरावरचा सोरायसिस पाठ असलेला विद्यार्थीही चकतो. सगळ्या अंगाची त्वचा ज्याने नीट पाहिली नाही, त्याला या एका जागेची त्वचा कळत नाही.

माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचे सूत्र एकच आहे: या भागातल्या उंचवट्यांची भीती आणि त्यांचा धोका यांचा हिशेब क्वचितच जुळतो. ज्याने माणसाची झोप उडते, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. जे खरोखर धोक्याचे असते ते दुखत नाही, खाजत नाही आणि पुष्कळदा आपोआप नाहीसे होते. पुढची प्रकरणे म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

म्हणून सुरुवात रोगांपासून न करता निरोगी त्वचेपासून केली आहे. तरुण मुलगा घाबराघुबरा होऊन येतो, दार नीट लागले आहे ना हे दोनदा बघतो, आणि शिश्नमुंडाच्या कडेवर बोट ठेवतो. तिथे एक किंवा दोन ओळींत, सगळे एका मापाचे, एक-दोन मिलिमीटरचे गुळगुळीत दाणे असतात. रंग त्वचेचाच किंवा किंचित पांढरट. वैद्यकात त्यांना पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात. हा आजार नव्हे. वयात येताना किंवा त्यानंतर ते दिसू लागतात, पुढे वयाबरोबर फिके होतात, कोणाकडून येत नाहीत आणि कोणाला जात नाहीत. त्यांची शिस्तच त्यांची ओळख सांगते. चामखिळींना अशी शिस्त नसते. त्या लहानमोठ्या असतात, कुठेही उगवतात, आणि त्यांचा पृष्ठभाग खडबडीत असतो.

स्त्रियांमध्येही असेच आहे, फक्त त्याची चर्चा त्याहून कमी होते. योनिमुखाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे सारखे, मऊ, गुलाबी अंकुर काही स्त्रियांमध्ये निसर्गतःच असतात. प्रत्येक अंकुराचे बूड वेगळे असते. चामखिळीत अनेक टोके एकाच बुडाशी मिळतात. भिंगाखाली हा फरक मिनिटभरात दिसतो. तो न बघता, चामखीळ समजून हे अंकुर जाळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जे शरीराचेच होते ते जाळून त्या स्त्रीला मिळाले काय, तर वेदना, आणि त्यावर नवऱ्याविषयी कायमचा संशय.

तिसरी गोष्ट तेलग्रंथींची. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन ॲडिसन फोर्डाइस यांनी १८९६ साली ओठांवरचे आणि गालाच्या आतले पिवळसर ठिपके वर्णन केले. तेच ठिपके शिश्नाच्या त्वचेवर आणि भगोष्ठांवरही असतात. केसाच्या मुळाशी उघडण्याऐवजी थेट त्वचेवर उघडणाऱ्या या तेलग्रंथी त्वचा ताणली की ठळक होतात. आणि घाबरलेला माणूस नेमके तेच करतो: त्वचा ताणतो, मोबाइलचा टॉर्च लावतो आणि मोजत बसतो. प्रौढांपैकी बहुसंख्यांना त्या असतात. त्याच फोर्डाइसांचे नाव वृषणकोशावर उतारवयात दिसणाऱ्या जांभळट-काळ्या ठिपक्यांनाही आहे. त्या रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. खरचटले तर रक्त येते, त्यापलीकडे काही नाही.

याशिवाय वस्तऱ्याने केस काढल्यावर येणारी केसतुडे, आत वळलेले केस, वृषणकोशावरच्या कडक पांढऱ्या गाठी, बार्थोलिन ग्रंथीची सूज अशी बरीच मंडळी आहेत. त्यांचे सविस्तर वर्णन तिसऱ्या प्रकरणात आहे, इथे त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

आता उलट बाजू. गरमीचा पहिला व्रण संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो. ही मुदत ९ ते ९० दिवसांपर्यंत कितीही असू शकते. आधी एक साधा उंचवटा असतो, मग त्याचे टोक झिजते आणि स्वच्छ, लालसर, पू नसलेला व्रण राहतो. बहुधा एकच. हातमोजा घालून तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरला की कापडाखालचे बटण चाचपावे तसा गोल, कडक काठ बोटांना लागतो. जांघेतल्या गाठीही मोठ्या झालेल्या असतात, त्याही न दुखणाऱ्या. दाबताना रुग्ण कळवळत नाही. उलट तोच आपल्याला धीर देतो: ‘दुखत नाही हो डॉक्टर, म्हटलं होईल बरं.’

आणि ते खरोखर बरे होते. तीन ते सहा आठवड्यांत, काहीही न करता. मेडिकलमधून आणलेल्या कुठल्याशा ट्यूबला त्याचे श्रेय मिळते. जंतू मात्र रक्तात पोचलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारे तांबूस चट्टे येतात, तेही जातात. मग वर्षानुवर्षे शांतता. काही रुग्णांत पुढे हृदयाच्या महाधमनीवर किंवा मेंदूवर आघात होतो. स्त्री गरोदर असेल तर गर्भ दगावू शकतो, किंवा बाळ आजार घेऊन जन्माला येते. गरोदरपणातल्या तपासण्यांत गरमीची चाचणी असते ती यासाठीच. स्त्रीमध्ये पहिला व्रण योनीच्या आत किंवा गर्भाशयमुखावर असला तर तो तिला दिसतसुद्धा नाही. हे सगळे सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका मात्रेने थांबते. मोत्यांसारख्या निरुपद्रवी दाण्यांसाठी महिनाभर जागणारा आणि न दुखणाऱ्या व्रणाकडे ढुंकून न बघणारा माणूस चोर सोडून संन्याशाला सुळी देत असतो, आणि हे करणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

या शास्त्राला ही ओळख सहज झालेली नाही. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त फिरंग रोगाचे, म्हणजे गरमीचे वर्णन आहे, त्यावर पारा आणि चोपचिनी ही मुळी असे उपचार आहेत. त्याच शतकात गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापून घेतलेल्या ग्रंथात चोपचिनीवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. पण या रोगांतून एक रोग दुसऱ्यापासून वेगळा काढायला पुढे शतके लागली. लंडनचे विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६च्या ग्रंथात परमा (गनोरिया) आणि गरमी हे एकाच विषाचे दोन प्रकार असल्याचे ठासून सांगितले. त्यासाठी त्यांनी एका रुग्णाचा परम्याचा पू टोचून पाहिला होता. तो स्वतःला की दुसऱ्याला, यावर अजून वाद आहे. ज्याचा पू घेतला त्या रुग्णाला दोन्ही रोग असावेत, हा साधा खुलासा आज आपल्याला चटकन सुचतो. हंटर यांचा दबदबा इतका होता की १८३८ साली पॅरिसच्या फिलिप रिकोर यांनी हे दोन रोग वेगळे सिद्ध करेपर्यंत अर्धे शतक उलटले.

मग एकेक जंतू हाती लागत गेला. १८७९ साली आल्बर्ट नायसर यांना परम्याचा, १८८९ साली नेपल्समध्ये ऑगुस्टो डुक्रे यांना दुखऱ्या मऊ व्रणाचा, १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना गरमीचा. त्याच १९०५ साली मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी मांसल, न दुखणाऱ्या, सहज रक्त येणाऱ्या व्रणांतून घेतलेल्या पेशींत काही सूक्ष्म कण पाहिले. त्या रोगाला आज डोनोव्हॅनोसिस म्हणतात. कलकत्त्यात जन्मलेल्या आणि मद्रासच्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या या डॉक्टरचे नाव काळा आजाराच्या जंतूलाही आहे. आजच्या विद्यार्थ्याला डोनोव्हॅनोसिस बघायला मिळणे दुर्मीळ झाले आहे, आणि याचा मला आनंदच आहे.

या इतिहासाची काळी पाने गाळू नयेत. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरमी झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही. आपल्याकडे १८६८च्या सांसर्गिक रोग कायद्याने शहरांतल्या वेश्यांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी सुरू झाली, आणि सैनिक रोगमुक्त राहावेत म्हणून स्त्रियांना कोंडण्यात आले. १८८८ साली तो रद्द झाला. गुप्तरोगाचा दवाखाना म्हटले की लोक आजही दचकतात, त्यात या वारशाचा वाटा आहे. १९५४ साली ठरावीक रोगांवरच्या इलाजांच्या जाहिरातींवर बंदी आणणाऱ्या कायद्याच्या यादीत गुप्तरोग स्पष्ट नमूद आहेत. तरी रेल्वेरुळांलगतच्या भिंती खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात. कायदा आपल्या जागी, भिंत आपल्या जागी.

चामखिळीकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण घरे मोडतात ती बहुधा तिच्यावरून. चामखीळ विषाणूमुळे होते हे इटलीतल्या ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ साली दाखवले. जननेंद्रियावरची चामखीळ मात्र अस्वच्छतेने किंवा चोळामोळीने येते असे कितीतरी डॉक्टर पुढेही मानत राहिले. कोरियातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पत्नींमध्ये काही आठवड्यांतच चामखिळी दिसू लागल्या, आणि १९५४ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा लैंगिक संसर्गाची बाजू भक्कम झाली. आज आपल्याला माहीत आहे की यांतल्या सुमारे नव्वद टक्के चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार असतात. या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. म्हणजे जी दिसते ती चामखीळ सहसा कर्करोगाकडे जात नाही, आणि जो प्रकार कर्करोगाकडे जातो तो सहसा उंचवटा म्हणून दिसत नाही. भीती आणि धोका यांची फारकत इथेही आहेच.

पण मला वाचकाच्या मनावर ठसवायचा आहे तो मुदतीचा मुद्दा. संसर्ग झाल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे लागतात, कधी आठ महिने, कधी त्याहूनही जास्त. विषाणू त्वचेत गप्प पडून राहू शकतो. त्यामुळे लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायकोला चामखीळ दिसली, यावरून तिने किंवा नवऱ्याने लग्नानंतर काही केले असे सिद्ध होत नाही. कोणाकडून कोणाला आले हे सांगणारी चाचणी नाही. तरीही जोडपी हाच प्रश्न घेऊन येतात, एकमेकांकडे न बघता डॉक्टरकडे बघतात आणि निवाडा मागतात. तो निवाडा देऊ नये. ज्याची तारीख शास्त्राला ठरवता येत नाही, ती डॉक्टरने आपल्या तोंडाने ठरवली तर तो शास्त्राच्या नावावर चहाडी करतो. दोघांना तपासावे, दोघांना समजावावे आणि लशीबद्दल बोलावे. ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्धची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि २०२३ साली ती बाजारात आली. झालेली चामखीळ लशीने जात नाही, पण पुढच्या पिढीला ती चुकवता येते.

मोलस्कमची गोष्ट याहून सोपी. देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला हा एक विषाणू. गोल, चकचकीत, दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे, आणि प्रत्येकाच्या मधोमध बारीक खळगा. हाच दाणा लहान मुलाच्या चेहऱ्यावर किंवा पोटावर असेल तर तो वर्गातल्या, घरातल्या दुसऱ्या मुलाकडून आलेला असतो. प्रौढाच्या जांघेत असेल तर लैंगिक संबंधाचा विचार करावा. दाणा तोच, विषाणू तोच. अर्थ मात्र वय आणि जागा बघून लावायचा. अनेकांत तो सहा ते बारा महिन्यांत आपणच जातो. वस्तरा फिरवला तर मात्र पसरतो. प्रौढाच्या चेहऱ्यावर खूप आणि मोठमोठे दाणे दिसले तर एचआयव्हीची चाचणी सुचवावी.

दुखणारे उंचवटे वेगळे. हर्पिसमध्ये आधी झणझण, मग लालसर बुडावर पुंजक्याने आलेले पाण्याचे फोड, मग ते फुटून झालेले उथळ, झोंबणारे व्रण. हा विषाणू शरीरात कायम राहतो आणि मधूनमधून डोके वर काढतो. ऐकायला भयंकर वाटते. पण हा विषाणू जगात अब्जावधी माणसांच्या अंगात आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

आता एक हकीकत. लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा एक गृहस्थ माझ्याकडे आला तो कागदांची जाडजूड फाइल घेऊन. शिश्नमुंडावर एकच गोल, काळपट डाग, आणि त्यावर ताजे सोलवटलेले. ‘दरवेळी इथंच येतं. बाहेर गेलो की येतं.’ बाहेर म्हणजे काय, हे त्याने न सांगताच आधीच्या डॉक्टरांनी ठरवून टाकले होते. व्हीडीआरएल, एचआयव्ही, सगळे अहवाल पुन्हा पुन्हा निगेटिव्ह. तरी इंजेक्शने झाली होती. घरी बायको बोलेनाशी झाली होती. त्याचा खिसा तपासायला सांगितला तेव्हा एक चुरगळलेली पट्टी निघाली: जुलाबावरच्या गोळ्या, नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेल्या. ढाब्यावरचे खाणे बाधले की तो एक गोळी घेई. काही तासांनी तोच डाग झोंबू लागे. याला औषधाची स्थिर पुरळ म्हणता येईल. इंग्रजीतले फिक्स्ड ड्रग इरप्शन. ही पुरळ दरवेळी शरीरावर त्याच जागी उठते, ओठ आणि शिश्नमुंड या तिच्या आवडत्या जागा, आणि बरे झाल्यावर मागे काळा डाग राहतो. सल्फा, टेट्रासायक्लिन, वेदनाशामक गोळ्या, अशी अनेक औषधे हे करतात. त्याच्या पाकिटात औषधाचे नाव लिहिलेले कार्ड ठेवले, बायकोला बोलावून तिच्यासमोर सगळे पुन्हा सांगितले. डाग पुढे झोंबला नाही.

या हकीकतीत ज्ञान थोडे आहे. प्रश्न विचारण्याची सवय जास्त आहे. लैंगिक इतिहास विचारताना नवखा डॉक्टर लाजतो, आणि लाज झाकायला दरडावतो. त्याच्याइतकाच औषधांचा, वस्तऱ्याचा, साबणाचा आणि घरातल्या खाजेचा इतिहास विचारावा. रात्री खाज वाढते का, घरात आणखी कोणी खाजवते का, एवढ्या दोन प्रश्नांत खरूज पुष्कळदा सापडते. मग बोटांच्या बेचक्या बघाव्यात.

घरगुती इलाजांनी मूळ चित्र पुसले जाते ही आपल्याकडची मोठी अडचण. चामखिळीवर बिब्बा लावण्याची जुनी पद्धत आहे. बिब्ब्याचे तेल त्वचा भाजते. तळपायावर ते निभावून जाते, जांघेत मोठाले फोड उठतात, आणि मग आधी काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. चुना, मोरचूद यांचेही तेच. त्याहून मोठा उपद्रव मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमांचा. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकाच ट्यूबमध्ये. दोन दिवस खाज थांबते, नायटा आत वाढत राहतो, जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमच्या रेघा पडतात. देशभरात हट्टी नायट्याची जी साथ पसरली आहे तिच्यात या ट्यूबचा हात आहे, असे त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे.

चाचण्यांबद्दल दोनच गोष्टी इथे सांगतो. घाई केली तर चाचणी फसवते: गरमीचा व्रण नुकताच आला असेल तर व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करायची, एचआयव्हीच्या आधुनिक चाचणीला संबंधानंतर सुमारे ४५ दिवस द्यावे लागतात. आणि प्रयोगशाळांच्या पॅकेजमध्ये घुसडलेली हर्पिसची आयजीएम चाचणी करू नये. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिने बऱ्या माणसाला आजारी ठरवले की मग त्याला समजावण्यात महिने जातात. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवरून निदान करण्याचा आग्रह हल्ली वाढला आहे. फोटोत कडकपणा कळत नाही, जांघेतली गाठ कळत नाही.

सरकारी व्यवस्थेने या रोगांसाठी लक्षणांवर आधारलेली पद्धत स्वीकारली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्राव, व्रण, जांघेतली बद, ओटीपोटातले दुखणे अशा लक्षणसमूहांसाठी रंगांनी ओळखले जाणारे सात औषधसंच आहेत: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. अहवालाची वाट न बघता पहिल्याच भेटीत औषध देता येते, आणि दुर्गम भागात याचा उपयोग निर्विवाद आहे. पण साध्या उंचवट्याला यांतला कोणताही रंग लागू पडत नाही. चामखीळ, मोलस्कम, मोत्यांसारखे दाणे यांना संच नाही. तिथे डोळा आणि बोटच लागते. संचाच्या सवयीने हे बोट बोथट होऊ नये, हे पुस्तक लिहिण्यामागचे एक कारण आहे.

सगळे निगेटिव्ह आले, नीट समजावले, तरी काहींची भीती जात नाही. ते दर आठवड्याला नवा ठिपका घेऊन येतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली धातुविकृतीच्या समजुतीतून येणाऱ्या आजाराला धात सिंड्रोम हे नाव दिले. त्याच जातकुळीतली ही भीती. अशा रुग्णाच्या समाधानासाठी पुन्हा पुन्हा चाचण्या लिहिणे म्हणजे ‘काहीतरी आहे’ या त्याच्या समजुतीवर शिक्का मारणे. एकदा नीट तपासून, एकदा स्पष्ट सांगून मग मनाच्या डॉक्टरचे नाव सुचवावे. ते त्याला हाकलण्यासाठी नाही, त्याच्याबरोबर बसून.

मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनी पाडली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. खटले झाले, १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुसरीकडे, १९३५ साली मुंबईतून डॉ. यू. बी. नारायण राव यांनी गुप्तरोगांवरचे इंग्रजी नियतकालिक काढले. या शाखेचे आजचे राष्ट्रीय नियतकालिक त्याचाच पुढचा अवतार आहे. एकाने समाजाशी बोलायचे ठरवले, दुसऱ्याने डॉक्टरांशी. हे दोन्ही वाचक एका पुस्तकात आणण्याचे धाडस इथे केले आहे, ते कितपत जमले हे वाचकच सांगतील.

डॉक्टर वाचकाने पहिली तीन प्रकरणे चुकवू नयेत. निरोगी त्वचा कळल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. काळजीने आलेल्या वाचकाने मात्र आधी पुस्तक मिटून तपासणी करून घ्यावी, मग हवे तितके वाचावे. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते, आणि तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करणे २०१७च्या कायद्याने मना आहे. जाण्याआधी त्या जागी काही लावू नका, वस्तरा फिरवू नका. गेल्या पंधरवड्यात घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि लावलेल्या मलमाची ट्यूब मात्र आठवणीने बरोबर न्या.